तीन ग्रंथांचा संकल्प आणि अपुरा वेळ : आजारपणातील इतिहासलेखक बाबासाहेब

आषाढ पौर्णिमेला वर्षावास सुरू झाला की आमच्या वस्तीतल्या विहारात रोज संध्याकाळी ‘भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचे वाचन होते. आश्विन पौर्णिमेपर्यंत ते चालते. दिवसभर कामावर राबून आलेल्या बाया घरी भात टाकून, पांढरी साडी नेसून विहारात येतात. एक जण वाचते, बाकीच्या ऐकतात. गेल्या वर्षावासात वाचन संपल्यावर एका आजीने मला थांबवले आणि विचारले, “पोरी, बाबासाहेबांनी हे पुस्तक छापलेलं बघितलं होतं का गं?”

मी म्हणाले, “नाही आजी. पुस्तक आलं ते १९५७ साली. बाबासाहेब १९५६ च्या डिसेंबरात गेले.”

आजी थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, “शुगर होती ना त्यांना? माझ्यासारखी.”

या दोन वाक्यांनी मला विचारात पाडले. ग्रंथ आपण दरवर्षी वाचतो. पण तो कोणत्या प्रकृतीच्या माणसाने, किती घाईत, कोणाच्या आधाराने लिहिला आणि त्याच्या जोडीचे आणखी दोन ग्रंथ का पूर्ण झाले नाहीत, याबद्दल आपण फारसे बोलत नाही. आपल्या मनातले बाबासाहेब निळ्या कोटातले, बोट उंचावलेले, कधीही न थकणारे असतात. पुतळा थकत नाही. माणूस थकतो. थकलेल्या शरीराच्या माणसाने उरलेल्या वेळाचा हिशोब मांडून कोणते काम आधी करायचे हे कसे ठरवले, ते समजून घेणे हा या लेखाचा हेतू आहे.

इतिहासलेखक बाबासाहेब

बाबासाहेबांची ओळख घटनाकार, अर्थतज्ज्ञ, कायदेपंडित अशी करून दिली जाते. इतिहासलेखक ही ओळख मागे पडते. प्रत्यक्षात आयुष्याच्या शेवटच्या दहा वर्षांतले त्यांचे मोठे लेखन इतिहासाचेच आहे.

१९४६ मध्ये ‘शूद्र पूर्वी कोण होते?’ हा ग्रंथ आला. तो त्यांनी महात्मा जोतिराव फुले यांना अर्पण केला. शूद्र हा मुळात वेगळा वर्ण नव्हता, तो क्षत्रियांचाच भाग होता आणि उपनयनाचा अधिकार नाकारून त्याला खाली ढकलले गेले, असे त्यांनी त्यात मांडले. १९४८ मध्ये अस्पृश्यतेच्या उगमावरचा ग्रंथ आला. टोळ्यांच्या लढायांत पराभूत होऊन पांगलेले आणि गावाबाहेर वसलेले लोक म्हणजे आजच्या अस्पृश्यांचे पूर्वज. ते बौद्ध होते आणि गोमांस खाणे त्यांनी सोडले नाही म्हणून त्यांना अस्पृश्य ठरवण्यात आले, असा त्यांचा सिद्धान्त आहे. अस्पृश्यतेचा काळ त्यांनी साधारण इसवी सन ४०० च्या आसपास धरला.

या ग्रंथाच्या प्रस्तावनेत त्यांनी आपल्या पद्धतीबद्दलही लिहिले आहे. जिथे पुराव्याची साखळी तुटलेली असते तिथे इतिहासकाराने काम थांबवायचे का, असा तो प्रश्न आहे. उपलब्ध दुव्यांवरून तर्काने मधली जागा भरून काढावी, मात्र तो तर्क आहे हे वाचकाला स्पष्ट सांगावे, अशी त्यांची भूमिका होती. ज्यांच्या पूर्वजांना लिहू दिले गेले नाही, त्यांचा इतिहास लिहायचा तर दुसरा मार्ग तरी कोणता? समाजशास्त्राची विद्यार्थिनी म्हणून मला ही भूमिका आजही महत्त्वाची वाटते. कागद नाही म्हणून माणसे नव्हती असे होत नाही.

हे दोन ग्रंथ प्रसिद्ध झाले त्या काळात त्यांच्याकडे दुसरी कामे किती होती हे आठवून पाहावे. २९ ऑगस्ट १९४७ रोजी संविधानाच्या मसुदा समितीची स्थापना झाली आणि ते तिचे अध्यक्ष झाले. कायदामंत्रिपदही होते. आणि याच काळात शरीराने साथ सोडायला सुरुवात केली.

आजार नेमका काय होता?

बाबासाहेबांना मधुमेह होता. त्याच्या जोडीला पायांच्या मज्जातंतूंचा दाह होता, ज्याला त्या काळी ‘न्यूरायटिस’ म्हणत. रक्तातली साखर वर्षानुवर्षे वाढलेली राहिली की बारीक रक्तवाहिन्या आणि मज्जातंतू खराब होतात. पायांत आग होते, मुंग्या येतात, कळा येतात, आणि हा त्रास बहुधा रात्री वाढतो. पुढे डोळे, मूत्रपिंड आणि हृदय यांच्यावर परिणाम होतो. ज्यांच्या घरात हा आजार आहे त्यांना हे वेगळे सांगायला नको. १९४७-४८ च्या सुमारास बाबासाहेबांच्या कित्येक रात्री या वेदनेमुळे झोपेविना गेल्या.

त्या काळचे उपचारही आजच्यासारखे नव्हते. घरच्या घरी बोटाला टोचून साखर पाहण्याचे यंत्र नव्हते. इन्सुलिन जनावरांच्या स्वादुपिंडातून काढलेले असे. काचेची सिरिंज आणि सुई उकळून पुन्हा वापरावी लागे. वेळेवर जेवण, वेळेवर इंजेक्शन आणि पुरेशी विश्रांती हे सगळे सांभाळायला घरात कोणीतरी लागते. रमाईंचे निधन २७ मे १९३५ रोजी झाले होते. घरात असे कोणी नव्हते.

मुंबईत डॉ. मालवणकर यांच्या दवाखान्यात उपचार घेताना त्यांची डॉ. शारदा कबीर यांच्याशी ओळख झाली. १५ एप्रिल १९४८ रोजी दिल्लीत दोघांचा विवाह झाला. त्यांनाच आपण माईसाहेब म्हणून ओळखतो. त्यानंतर सात महिन्यांच्या आत, ४ नोव्हेंबर १९४८ रोजी, बाबासाहेबांनी संविधानाचा मसुदा संविधान सभेपुढे मांडला.

आजाराचा उल्लेख त्यांनी लपवून ठेवला नाही. १० ऑगस्ट १९५१ रोजी पंतप्रधान नेहरूंना लिहिलेल्या पत्रात त्यांनी हिंदू कोड बिल लवकर चर्चेला घ्यावे असा आग्रह धरला आणि त्यामागे आपल्या प्रकृतीचेही कारण दिले. डॉक्टरांच्या उपचारांखाली जाण्याआधी हे काम पूर्ण व्हावे, अशी त्यांची इच्छा होती. ते झाले नाही. सप्टेंबर १९५१ मध्ये त्यांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला.

तीन ग्रंथांचा संच

राजीनाम्यानंतर बाबासाहेब पुन्हा पूर्णपणे लेखनाकडे वळले. १९५० मध्ये महाबोधी सोसायटीच्या नियतकालिकात त्यांनी बुद्ध आणि त्यांच्या धर्माच्या भवितव्याविषयी एक लेख लिहिला होता. बौद्ध वाङ्मय इतके विशाल आहे की सामान्य माणसाच्या हातात देता येईल असा एकच ग्रंथ हवा, हा त्यातला एक मुद्दा होता. नोव्हेंबर १९५१ पासून तो ग्रंथ त्यांनी स्वतःच लिहायला घेतला.

मात्र हा ग्रंथ एकटा नव्हता. १९५६ च्या मार्च-एप्रिलमध्ये तयार केलेल्या प्रस्तावनेत त्यांनी स्पष्ट लिहिले आहे की बौद्ध धम्म नीट समजण्यासाठी तीन ग्रंथांचा संच आहे. पहिला ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’. दुसरा ‘बुद्ध आणि कार्ल मार्क्स’. तिसरा ‘प्राचीन भारतातील क्रांती आणि प्रतिक्रांती’. पुढचे दोन ग्रंथ काही भागांत लिहून झाले आहेत आणि ते लवकरच प्रसिद्ध होतील, अशी आशाही त्यांनी तिथे व्यक्त केली.

या तीन ग्रंथांची विभागणी पाहिली की त्यामागची योजना कळते. पहिला ग्रंथ बुद्धांनी काय शिकवले ते सांगतो. दुसरा ती शिकवण आजच्या जगातल्या सर्वांत प्रभावी विचाराशेजारी ठेवून तपासतो. तिसरा त्या शिकवणीचे या देशाच्या इतिहासात काय झाले ते दाखवतो. एक तत्त्व, एक तुलना आणि एक इतिहास. तिन्ही मिळून एकच युक्तिवाद तयार होतो.

वेळ मात्र कमी होता. १९५२ ची लोकसभा निवडणूक, त्यातला पराभव, राज्यसभेचे सदस्यत्व, कोलंबिया विद्यापीठाची मानद पदवी घेण्यासाठी अमेरिकेचा प्रवास, १९५४ मध्ये भंडाऱ्याची पोटनिवडणूक, त्याच वर्षी ब्रह्मदेशाचे दौरे, १९५५ मध्ये भाषावार राज्यांवरचे पुस्तक आणि भारतीय बौद्ध महासभेची स्थापना. या सगळ्याच्या मधून ग्रंथलेखन चालले होते.

२५ डिसेंबर १९५४ रोजी पुण्याजवळच्या देहूरोडला त्यांच्या हस्ते बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना झाली. तिथे जमलेल्या लोकांना त्यांनी सांगितले की आपण बुद्धांच्या शिकवणीवर सोप्या भाषेत ग्रंथ लिहीत आहोत आणि तो पूर्ण झाल्यावर धर्मांतर करू. म्हणजे ग्रंथ आणि धम्मदीक्षा ही त्यांच्या दृष्टीने दोन वेगळी कामे नव्हती. लोकांच्या हातात आधी काहीतरी ठोस द्यायचे आणि मग त्यांना दीक्षा द्यायची, असा तो क्रम होता. तिन्ही ग्रंथांतून कोणता आधी संपवायचा याचे उत्तरही यातच आहे. इतिहास थांबू शकत होता, दीक्षा घेणारे लोक थांबू शकत नव्हते.

आजारी माणूस, म्हातारा आणि प्रेत

या ग्रंथात इतिहासलेखक बाबासाहेब सर्वांत ठळकपणे कुठे दिसतात? माझ्या मते सिद्धार्थाच्या गृहत्यागाच्या प्रकरणात.

आपण सगळ्यांनी लहानपणी ऐकलेली गोष्ट अशी : राजपुत्र सिद्धार्थ रथातून बाहेर पडला, वाटेत त्याने एक आजारी माणूस, एक म्हातारा आणि एक प्रेत पाहिले, मग एक संन्यासी पाहिला आणि संसार सोडला. बाबासाहेबांनी ग्रंथाच्या प्रास्ताविकातच या गोष्टीवर प्रश्न उभा केला. गृहत्यागाच्या वेळी सिद्धार्थ २९ वर्षांचा होता. म्हातारपण, आजार आणि मृत्यू या रोज शेकड्याने घडणाऱ्या गोष्टी. २९ वर्षे वयाच्या माणसाने त्या कधीच पाहिल्या नव्हत्या हे बुद्धीला पटत नाही. म्हणून ही परंपरागत कथा त्यांनी नाकारली.

मग खरे कारण काय? त्यांनी रोहिणी नदीच्या पाण्याचा वाद पुढे आणला. शाक्य आणि कोलिय ही दोन राज्ये शेतीसाठी एकाच नदीचे पाणी वापरत. पाण्यावरून भांडण झाले आणि शाक्य संघाने युद्धाचा ठराव मांडला. सिद्धार्थाने युद्धाला विरोध केला, बहुमत त्याच्या विरोधात गेले आणि घरच्यांना शिक्षा होऊ नये म्हणून त्याने परिव्रज्या स्वीकारली. संसाराला कंटाळलेला राजपुत्र इथे उरत नाही. सभेत अल्पमतात पडूनही आपल्या मताची किंमत मोजणारा तरुण आपल्यासमोर येतो.

हे प्रकरण विहारात वाचताना मला नेहमी एक गोष्ट जाणवते. हे लिहिणारा माणूस स्वतः आजारी होता. पाय दुखत होते, डोळे अधू होत चालले होते. आजारपण पाहून जगाकडे पाठ फिरवावी, हा विचार त्याच्याइतका जवळून कोणाला माहीत असेल? आणि तरीही त्याने लिहिले की बुद्ध आजारपणाला घाबरून निघाले नव्हते, ते माणसामाणसांतल्या भांडणाचे उत्तर शोधायला निघाले होते. बाबासाहेबांनी स्वतःच्या आजाराचा आणि या मांडणीचा संबंध कुठे जोडलेला नाही. तो संबंध मी वाचक म्हणून जोडते आहे. पण त्यांचे जगणे आणि त्यांचा युक्तिवाद एकाच दिशेने जातात हे खरे.

ग्रंथाच्या शेवटाकडे, आठव्या खंडात, आजाऱ्यांविषयी बुद्धांना वाटणाऱ्या काळजीवर एक भाग आहे. एक भिक्खू पोटाच्या विकाराने आजारी पडून स्वतःच्याच घाणीत लोळत होता. तो इतरांच्या काही कामाचा नाही म्हणून कोणी त्याच्याकडे पाहत नव्हते. बुद्धांनी आनंदाला पाणी आणायला सांगितले, दोघांनी मिळून त्याला धुतले, उचलून बिछान्यावर ठेवले. मग भिक्खूंना बोलावून सांगितले की इथे तुमची काळजी घ्यायला आईबाप नाहीत, तुम्हीच एकमेकांची काळजी घ्यायची आहे. विनयपिटकातली ही कथा बाबासाहेबांनी आपल्या ग्रंथासाठी आवर्जून निवडली.

छपाईची चिंता

१९५६ च्या फेब्रुवारीपर्यंत ग्रंथाचे लेखन बहुतांशी पूर्ण झाले. पुढचा प्रश्न पैशांचा होता. २४ मे १९५६ रोजी मुंबईच्या नरे पार्कवर त्यांनी ऑक्टोबरमध्ये धम्मदीक्षा घेणार असल्याचे जाहीर केले. त्या आधी किंवा निदान त्या सुमारास ग्रंथ यावा अशी त्यांची इच्छा होती.

१४ सप्टेंबर १९५६ रोजी त्यांनी पंतप्रधान नेहरूंना पत्र लिहिले. बुद्धांच्या २५०० व्या जयंतीचे वर्ष सरकार साजरे करत होते. त्या निमित्ताने सरकारने या ग्रंथाच्या ५०० प्रती विकत घेऊन ग्रंथालयांना आणि अभ्यासकांना द्याव्यात, एवढीच मागणी होती. दुसऱ्याच दिवशी उत्तर आले. जयंतीच्या प्रकाशनांसाठी ठेवलेली रक्कम संपली आहे, आपले पत्र समितीचे अध्यक्ष डॉ. राधाकृष्णन यांच्याकडे पाठवत आहोत, असा त्याचा आशय होता. प्रती घेतल्या गेल्या नाहीत.

ज्याने या देशाचे संविधान लिहिले त्याला आपल्या पुस्तकाच्या ५०० प्रतींसाठी पत्र लिहावे लागले, याचे आपल्याला दुःख होते आणि रागही येतो. पण इथे थांबून एक गोष्ट पाहायला हवी. धम्मदीक्षेला एकच महिना उरला होता, पायांत बळ नव्हते, तरी ते छपाई आणि वितरण यांचाच विचार करत होते. नानकचंद रत्तू यांच्या आठवणींतूनही हेच दिसते की आपली पुस्तके आपल्या हयातीत बाहेर येतील की नाही, ही चिंता बाबासाहेबांना शेवटच्या महिन्यांत सतत होती.

शेवटचे आठ आठवडे

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात त्यांनी धम्मदीक्षा घेतली आणि लाखो अनुयायांना दिली. काठीचा आणि माणसांचा आधार घेऊन ते उभे राहिले. १६ ऑक्टोबरला चंद्रपूरला दीक्षा समारंभ झाला. नोव्हेंबरमध्ये ते काठमांडूला जागतिक बौद्ध परिषदेला गेले. तिथे ते बुद्ध आणि कार्ल मार्क्स या विषयावर बोलले. संचातला दुसरा ग्रंथ पूर्ण झाला नव्हता, पण त्याचा गाभा त्यांनी असा भाषणातून मांडला. परतताना सारनाथ आणि कुशीनगरला गेले.

५ डिसेंबरच्या रात्री दिल्लीतल्या २६ अलीपूर रोडच्या घरी त्यांनी रत्तूंकडून ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ची प्रस्तावना आणि प्रास्ताविक यांचे टाइप केलेले कागद मागून घेतले. रात्री त्यावर पुन्हा नजर टाकायची होती. रिपब्लिकन पक्षाच्या संदर्भात आचार्य अत्रे आणि एस. एम. जोशी यांना लिहिलेली पत्रेही त्यांनी जवळ ठेवून घेतली. ६ डिसेंबरच्या सकाळी ते उठले नाहीत. वय ६५ होते.

१९५७ मध्ये सिद्धार्थ कॉलेजतर्फे ग्रंथ इंग्रजीत प्रसिद्ध झाला. पुढे भदंत आनंद कौसल्यायन यांनी त्याचा हिंदी अनुवाद केला, मराठीतही तो आला आणि विहाराविहारांत पोहोचला.

जे अपुरे राहिले

बाबासाहेबांच्या मागे पेट्या भरून कागद राहिले. ते न्यायालयाच्या आणि नंतर शासकीय प्रशासकाच्या ताब्यात गेले आणि अनेक वर्षे तसेच पडून होते. महाराष्ट्र शासनाने ‘डॉ. बाबासाहेब आंबेडकर रायटिंग्ज अँड स्पीचेस’ ही मालिका सुरू केली, तिचा पहिला खंड १९७९ मध्ये आला. वसंत मून यांनी संपादनाचे हे प्रचंड काम पेलले. १९८७ च्या तिसऱ्या खंडात ‘क्रांती आणि प्रतिक्रांती’ची उपलब्ध प्रकरणे आणि ‘बुद्ध की कार्ल मार्क्स’ हा निबंध छापला गेला. त्याच वर्षी चौथ्या खंडात ‘रिडल्स इन हिंदुइझम’ आले आणि त्यावरून मोठा वाद पेटला, मोर्चे निघाले.

‘क्रांती आणि प्रतिक्रांती’ वाचायला घेतले की अपुरेपण लगेच कळते. काही प्रकरणे सलग आहेत, काही मध्येच तुटतात, काहींची थोडीच पाने मिळाली. तरीही मुख्य विचार स्वच्छ आहे. प्राचीन भारताचा इतिहास म्हणजे बौद्ध धम्म आणि ब्राह्मण्य यांच्यातला संघर्ष आहे, असे ते म्हणतात. बुद्धांचा उदय ही क्रांती होती. पुष्यमित्र शुंगाने शेवटचा मौर्य राजा बृहद्रथ याला ठार मारून सत्ता घेतली, ती प्रतिक्रांती. मनुस्मृती हा त्यांच्या मते या प्रतिक्रांतीचा कायदा होता. तिच्यामुळे शूद्रांचे आणि स्त्रियांचे स्थान कसे घसरले यावर स्वतंत्र प्रकरणे आहेत. भगवद्गीतेकडेही त्यांनी याच चौकटीतून पाहिले.

धम्माच्या ऱ्हासावरचे प्रकरण मला विशेष विचार करायला लावते. आक्रमकांनी विहार उद्ध्वस्त केले, भिक्खूंची कत्तल केली हे ते सांगतात. पण आक्रमणाचा फटका दोन्ही धर्मांना बसला असताना एक टिकला आणि दुसरा का टिकला नाही, हा खरा प्रश्न ते विचारतात. ब्राह्मण जन्मानेच पुरोहित होता, त्यामुळे पुरोहितवर्ग संपत नव्हता. भिक्खू मात्र दीक्षा आणि शिक्षणाने तयार व्हावा लागे. संघ मोडला की नवा भिक्खू घडवणारे कोणी उरत नसे. शिकवणारी साखळी तुटली की धम्म तुटतो, हा त्याचा धडा. ज्यांच्या विहारात आज तरुण पोरे येत नाहीत त्यांनी हे प्रकरण जरूर वाचावे.

ही मांडणी सर्व इतिहासकारांना मान्य आहे असे नाही. काळनिश्चितीवर, पुष्यमित्राच्या भूमिकेवर मतभेद आहेत. पण त्या मतभेदांना उत्तर द्यायला, पुरावे वाढवायला, प्रकरणे पुन्हा लिहायला बाबासाहेबांना वेळ मिळाला नाही. तो वेळ अभ्यासकांच्या पुढच्या पिढ्यांकडे आहे. अपुरा ग्रंथ हे पूजेचे साहित्य नसते. ते पुढच्या माणसाला दिलेले काम असते.

इतरांचे हात

आजारपणात लिहिलेला कोणताही ग्रंथ एकट्याचा नसतो. रत्तू पंजाबातल्या होशियारपूरकडचे, सरकारी नोकरीत. कचेरी सुटल्यावर ते बाबासाहेबांकडे येत आणि रात्री उशिरापर्यंत टाइप करत. प्रकाशचंद यांनीही टंकलेखनात मदत केली. म. भि. चिटणीस यांनी मुद्रिते तपासली. बाबासाहेबांनी या सर्वांचे आभार प्रस्तावनेत मानले.

त्याच प्रस्तावनेत त्यांनी लिहिले की गेल्या पाच वर्षांत आपली प्रकृती इतकी खालावली होती की डॉक्टरांनी विझत चाललेली ज्योत असे तिचे वर्णन केले होते, आणि ती पुन्हा पेटती ठेवण्याचे श्रेय आपल्या पत्नीच्या आणि डॉ. मालवणकरांच्या वैद्यकीय कौशल्याला आहे.

ही प्रस्तावना १९५७ च्या आवृत्तीत छापली गेली नाही. १९८० मध्ये भगवान दास यांनी ती प्रकाशात आणली. मधल्या काळात माईसाहेबांवर संशय घेतला गेला, समाजाने त्यांना वर्षानुवर्षे दूर ठेवले. त्या काळातल्या सगळ्या वादांत मी इथे शिरत नाही. पण आजारी माणसाने आपल्या हाताने लिहिलेले आभार आपल्यापर्यंत पोहोचायला २४ वर्षे लागली, ही गोष्ट समाज म्हणून आपण मान्य केली पाहिजे. जो माणूस रात्री इंजेक्शन देतो, पथ्य सांभाळतो, लिहिणाऱ्याला चार तास झोप मिळावी म्हणून दार लावून घेतो, त्याचे काम इतिहासात सहसा नोंदले जात नाही. बाबासाहेबांनी ते नोंदवले होते.

आपल्यासाठी काय?

वस्तीत काम करताना मला रोज दिसते की आजार लपवला जातो. “एकदा इन्सुलिन सुरू झालं की माणूस संपला” असे म्हणून सुई टाळली जाते. जयंतीच्या मिरवणुकीत रात्रभर नाचणारा कार्यकर्ता पायाची जखम महिनोन्महिने कोणाला दाखवत नाही. “समाजासाठी झिजायचं” या शब्दांखाली दुखणे झाकले जाते. बाबासाहेबांचे नाव घेऊन आपण हे करतो. पण बाबासाहेब स्वतः डॉक्टरांकडे गेले, इन्सुलिन घेतले, प्रकृतीचे कारण पंतप्रधानांना पत्रात लिहिले आणि प्रस्तावनेत आजाराची नोंद केली. त्यांनी आजाराची लाज बाळगली नाही आणि आजाराला कामाच्या आड येण्याची सबबही दिली नाही. उरलेल्या वेळात काय आधी, काय नंतर, हे त्यांनी ठरवले.

यंदाच्या वर्षावासासाठी आम्ही विहारात एक छोटा बदल ठरवला आहे. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ नेहमीप्रमाणे रोज वाचायचे. आणि दर रविवारी संचातल्या उरलेल्या दोन ग्रंथांतली जी पाने आपल्यापर्यंत आली आहेत ती वाचायची. जिथे प्रकरण तुटते तिथे थांबायचे आणि पुढे काय असू शकेल यावर बोलायचे. महिन्यातून एकदा वाचनाआधी रक्तातील साखर तपासायची सोयही करणार आहोत.

आजींना हे सांगितले तेव्हा त्या हसल्या. म्हणाल्या, “म्हणजे तीन पुस्तकं होती होय? मग राहिलेली दोन वाचल्याबिगर मी काही जात नाही. आण तुझी ती सुई.”

जयभीम. नमो बुद्धाय.